चार टाक्यांना एकच फिल्टर, तेही लाईट जाणाऱ्या घरात

माशांची पहिली टाकी हौसेने येते. दुसरी गप्पीची पिल्लं मावेनात म्हणून येते, तिसरी बदली होऊन गाव सोडणारं कुणीतरी देऊन जातं. चौथी आली की भिंतीवर सॉकेट उरत नाही. चार फिल्टर, चार एअर पंप, थंडीत चार हीटर, आणि रविवारची सकाळ स्पंज पिळण्यात. इथवर पोचलात की मनात येतंच, सगळ्यांचं पाणी एकाच ठिकाणी गाळता येणार नाही का? येतं. भुसावळच्या आमच्या घरात तशी व्यवस्था काही वर्षांपासून चालू आहे. ती कशी उभी करायची ते सांगतो.

कल्पना सोपी आहे. प्रत्येक टाकीच्या मागच्या काचेला वरच्या बाजूला एक भोक. जादा पाणी तिथून आपोआप खाली उतरतं आणि स्टँडखालच्या एका टाकीत पडतं. या खालच्या टाकीला संप म्हणतात. (कामगारांचा नव्हे, आपल्या अंगणातल्या पाण्याच्या संपाचाच हा धाकटा भाऊ.) संपात पाणी गाळलं जातं आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा सगळ्या टाक्यांत चढवतो. खाली येणारं पाणी स्वतःच्या वजनाने येतं, वर जाणारं विजेवर जातं. अर्धी यंत्रणा विजेवर आणि अर्धी नाही, इथेच मेख आहे. बाहेरचे व्हिडिओ पाहून संप बांधला तर लाईट चालू असेतो तो झकास चालतो. आपल्याकडे प्रत्येक माप काढताना आधी विचारायचं, आत्ता लाईट गेली तर हे पाणी कुठे जाईल?

मी पहिल्या वेळी ते विचारलं नव्हतं. मे महिन्यातली रात्र, दीडच्या सुमारास लाईट गेली, कूलर थांबला म्हणून घरातले जागे झाले. मी गच्चीवर हवेला गेलो. पाच मिनिटांत खालून आईची हाक आली, "अरे भो, पानी वाही राहिनं!" स्टँडच्या बाजूला गोणपाटावर वर्षभराचे बिबडे (ज्वारीचे पापड) रचून ठेवले होते. ज्वारी भिजत घालून, शिजवून, उन्हात वाळवून केलेल्या चार दिवसांच्या कामाचा पुन्हा चिखल झाला. मासे सगळे जिवंत होते, त्यामुळे बोलणी मला एकट्यालाच खावी लागली. चूक कुठे झाली ते पुढे हिशोबात दाखवतो.

आधी ठरवा: एकत्र करावं का?

सगळ्या टाक्यांचं पाणी एक झालं की तापमान एक, क्षारता एक आणि रोगही एक. म्हणून एकाच प्रकारचं पाणी मानवणारे मासेच एका संपावर घ्यायचे. खानदेशात बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, बादलीच्या कडेला पांढरी पुटं चढतात ते उगीच नाही. गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांना असं पाणी आवडतं, आफ्रिकन सिक्लिडना तर फारच. डिस्कस किंवा कार्डिनल टेट्रा ठेवायचे असतील तर त्यांना मऊ पाणी लागतं, त्यांची टाकी वेगळीच असू द्या. गोल्डफिशला थंडावा हवा आणि तो घाण करतो भरपूर. त्याला गप्पीच्या संपावर जोडणं म्हणजे एकाचं जेवण सगळ्यांच्या ताटात.

दोनच टाक्या असतील तर या भानगडीत पडू नका. दोन चांगले स्पंज फिल्टर स्वस्तात पडतात आणि बिघडतही नाहीत. तीनच्या पुढे संपाचा विचार करा.

आणि वजन. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी भरली की पाणी, काच, वाळू धरून १८० किलोच्या पुढे जाते. अशा चार आणि खाली संप म्हणजे साडेआठशे किलोच्या आसपास, स्टँडचं लोखंड वेगळं. स्लॅबच्या घरात तळमजल्यावर किंवा भिंतीलगत बीम असेल तिथे ठीक. जुन्या धाब्याच्या घरात माडीवर मात्र अजिबात नको, लाकडी सऱ्यांवर मातीचा भार आधीच पुरेसा आहे. स्टँड वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलचा करून घ्या, पाणपातळी लावून समतल करा आणि टाकीखाली थर्माकोलचा शीट टाका.

हिशोब, कागदावर

हे टाळून पुढे जाऊ नका. माझ्या टाक्यांची मापं धरून करतो, तुम्ही तुमची घाला.

टाकी ९० सेंमी लांब, ३८ रुंद, ४५ उंच. ९० गुणिले ३८ म्हणजे ३४२० चौरस सेंमी. म्हणजे पातळी १ सेंमीने बदलली की ३.४२ लिटर पाणी इकडचं तिकडे होतं. हा आकडा टाकीच्या मागे मार्करने लिहून ठेवा, सगळा खेळ याच्यावर आहे.

भोकाची खालची कड तळापासून ३८.५ सेंमीवर. पंप चालू असताना पाणी त्याहून थोडं वर उभं राहतं, आपण २.५ सेंमी धरू. म्हणजे चालू पातळी ४१ सेंमी, टाकीत साधारण १४० लिटर. लाईट गेली की हे वरचं २.५ सेंमी पाणी खाली उतरणार. ३.४२ गुणिले २.५ म्हणजे साडेआठ लिटर. चार टाक्यांचे ३४. पाइपांतलं ५ लिटर धरा, झाले ३९ लिटर.

संप ९० × ३८ × ३८ सेंमीचा, काठोकाठ भरला तर १३० लिटर. चालू असताना त्यात ७० लिटर पाणी राहील असं ठरवलं तर ६० लिटरची जागा मोकळी राहते. ३९ लिटर येणार, जागा ६०. जमलं.

आता माझी चूक. पाणी वर नेणाऱ्या पाइपांची तोंडं मी टाकीत १० सेंमी खोल बुडवली होती, खळखळ नको म्हणून. पंप थांबल्यावर त्याच पाइपांनी उलटं पाणी ओढायला सुरुवात केली, शेतात ड्रममधून नळीने डिझेल ओढतो अगदी तसं. पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत ते थांबत नाही. १० सेंमी म्हणजे टाकीमागे ३४ लिटर, चार टाक्यांचे १३७. संपात जागा ६०. उरलेलं बिबड्यांत.

उपाय दोन. एक तर पाइपाचं तोंड पाण्याच्या पातळीच्या जेमतेम एक सेंमी खाली ठेवा. शिवाय पातळीच्या किंचित खाली पाइपाला ५–६ मिमीचं भोक पाडा. पातळी उतरली की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. फक्त भोकावर भरवसा ठेवू नका, त्यात शेवाळ बसतं किंवा एखादी गोगलगाय शिरते. आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) बसवला म्हणजे झालं असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. वाळूचा एक कण अडकला की तो बंद होत नाही.

दुसरा हिशोब उलट बाजूचा. एखाद्या टाकीच्या भोकावर पान किंवा मेलेला मासा अडकला तर? पंप तर पाणी चढवतच राहणार. ती टाकी भरून वाहायची नसेल तर पंपाच्या कप्प्यात मुळात तेवढंच पाणी असावं, जेवढं टाकीच्या वरच्या मोकळ्या जागेत मावेल. टाकीत ४१ ते ४५ म्हणजे ४ सेंमी मोकळं, म्हणजे १३.७ लिटर. पंपाचा कप्पा ३० × ३८ सेंमीचा ठेवला आणि पंपाच्या तोंडावर १२ सेंमी पाणी ठेवलं तर तेही १३.७ लिटरच भरतं. भोक तुंबलं तर दीडेक मिनिटात टाकी काठोकाठ येते, पंप कोरडा पडून किंचाळायला लागतो, पण जमीन कोरडी राहते. पंप जळाला तरी नवा आणता येतो. जमलं तर प्रत्येक टाकीला पहिल्यापेक्षा सेंमीभर वर दुसरं भोक, थेट संपात सोडलेलं, ठेवून द्या.

भोकं पाडणं

नवीन टाकी करून घेत असाल तर काचवाल्याला जोडणीच्या आधीच भोक पाडायला सांगा. जुन्या टाकीला घरी पाडता येतं, पण काच साधी हवी. टफन्ड काचेला ड्रिल लागलं की तिचे तांदळाएवढे तुकडे होतात. ओळखायचं असं: लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन काचेमागे धरा आणि पोलराइज्ड गॉगल लावून पाहा. टफन्ड काचेत गडद पट्टे-ठिपके दिसतात.

टँक निपल (भोकात आवळून बसवायचा पाइपाचा जोड) आधी विकत आणा, त्याच्या मापाचा डायमंड बिट मग घ्या. एक इंची निपलला साधारण ३५ मिमीचं भोक लागतं, पण कंपनीगणिक फरक पडतो. भोकाची कड आणि काचेची कड यांत किमान भोकाच्या व्यासाएवढं अंतर ठेवा. टाकी आडवी करून, खुणेभोवती घट्ट कणकेचं आळं करा, झाडाला करतो तसं, आणि त्यात पाणी ओता. ड्रिलचा हॅमर बंद, वेग सगळ्यात कमी. सुरुवात तिरक्या धारेने करायची, काचेवर चंद्रकोर उमटली की ड्रिल हळूहळू सरळ. दाब देऊ नका, ड्रिलचं वजन पुरे. पाण्यात पांढरं दूध तयार होतं, ते काचेचं पीठ आहे, हात लावू नका. शेवटच्या मिलिमीटरला घाई केली की मागच्या बाजूने टवका उडतो. मागे चिकटपट्टी लावून ठेवली की तो लहान राहतो. आठ मिमी काचेला दहा मिनिटं लागली तर लागू द्यात.

रबरी वॉशर आतल्या बाजूला, पाण्याच्या अंगाला. निपल हाताने आवळा, वर पान्याने पाव फेरा. त्याहून जास्त आवळणाऱ्यांच्या काचा तडकतात.

भोक न पाडता काठावरून वळसा घालून पाणी खेचणाऱ्या डब्या मिळतात. लाईट कधीच जात नसेल तिथे चालत असतील. आपल्याकडे लाईट जाऊन आली की त्यांच्या नळीत हवा अडकून खेच तुटण्याची भीती असते. पंप चालू आणि उतार बंद, म्हणजे काय ते वर सांगितलंच. नको.

पाइप

जळगाव जिल्ह्यात पाइप शोधायला लागत नाही. शेताच्या कामातला उरलेला पीव्हीसीचा तुकडा प्रत्येकाच्या खळ्यात पडलेला असतो. नवा घेतलेला बरा, जुन्यातून कोणती औषधं गेली ते आठवणार नाही.

प्रत्येक टाकीचा उतार एक इंची पाइपाने आणून खाली दोन इंची आडव्या मेनमध्ये सोडा आणि मेनला संपाकडे चांगला उतार द्या. काटकोनी एल्बोऐवजी दोन ४५ अंशांचे एल्बो वापरले तर पाणी गुरगुरत नाही. उताराच्या पाइपाला व्हॉल्व्ह लावू नका. आज ना उद्या कुणीतरी तो फिरवतं.

वरच्या टाकीचं पाणी खालच्या टाकीत आणि तिथून पुढच्या टाकीत अशी साखळी पाइप वाचवायला काही जण करतात. शेवटच्या टाकीला मग सगळ्यांची घाण मिळते, आणि मधली एक तुंबली की पुढच्या कोरड्या. प्रत्येक टाकीचं पाणी स्वतंत्रपणे संपात आलं पाहिजे.

वर चढणाऱ्या बाजूला पंपापासून पाऊण इंची मेन आणि प्रत्येक टाकीला अर्धा इंची फाटा, फाट्यावर बॉल व्हॉल्व्ह. ठिबक बसवलेल्या शेतकऱ्याला याचं कारण सांगावं लागत नाही: उताराकडच्या ओळीला पाणी जास्त, चढाकडच्या झाडाला थेंब थेंब. खालच्या दोन टाक्यांचे व्हॉल्व्ह थोडे आवळायचे म्हणजे वरच्यांना पाणी पोचतं. पंपाशी युनियन (हाताने उघडता येणारा जोड) टाका, नाहीतर दर वेळी पंप धुवायला पाइप कापावा लागेल. सोल्युशन लावलेले सांधे २४ तास वाळू द्या आणि पहिलं पाणी फिरवून फेकून द्या.

संपाच्या आत

तीन कप्पे पुरेत. पहिल्यात पाणी पडतं, तिथे जाळीच्या ट्रेमध्ये पांढरी फिल्टर वूल आणि खाली जाड स्पंज. दुसऱ्यात जीवाणूंचं घर: सिरॅमिक रिंग, लाव्हा दगड, जे परवडेल ते. तिसऱ्यात पंप आणि हीटर. मधले काचेचे पडदे सिलिकॉनने चिकटवा. सिलिकॉन साधं, व्हिनेगरसारखा वास येणारं घ्या. बाथरूमसाठीचं बुरशीविरोधी सिलिकॉन माशांना विष आहे. शेवटचा पडदा पंपाच्या कप्प्याच्या पातळीपेक्षा दोनेक सेंमी उंच, म्हणजे आधीच्या दोन कप्प्यांची पातळी कधी हलत नाही आणि जे काही कमीजास्त होतं ते पंपाच्या कप्प्यातच दिसतं.

माझ्या दुसऱ्या कप्प्यात निम्मी भरती १६ मिमीच्या लॅटरलच्या, म्हणजे ठिबकच्या नळीच्या, तुकड्यांची आहे. बोटाच्या पेराएवढे तुकडे, कैचीने कापलेले. सिरॅमिकइतकी जागा जीवाणूंना त्यात मिळत नाही, पण फुकटात पोतंभर होतात. लॅटरल मात्र कोरी हवी. शेतातल्या नळीतून खतं गेलेली असतात आणि क्षार धुवायला अ‍ॅसिड सोडलेलं असतं. ती कितीही धुतली तरी माझ्या टाकीत येणार नाही.

पंप आणि वीज

टाकीतलं पाणी तासाला चार वेळा फिरलं तर छान. १४० लिटरच्या चार टाक्यांना मिळून तासाला सव्वादोन हजार लिटर लागतं. दुकानात २५०० चा पंप देतील, घेऊ नका. खोक्यावरचा आकडा पाणी अजिबात चढवायचं नसताना मिळतो. आपल्याला पाच-सहा फूट चढवायचंय, त्यात एल्बो आणि व्हॉल्व्ह. खोक्यावर कमाल उंचीही दिलेली असते, ती साडेतीन-चार मीटर आणि प्रवाह ४००० ते ५००० असा पंप पाहा.

कूलरची मोटर लावली तर? प्रत्येक जण विचारतो, कारण ती घरात असतेच. ती उन्हाळ्यापुरती आणि विश्रांती घेत चालायला बनवलेली असते. बारा महिने चोवीस तास पाण्यात ठेवून वर आपण हात घालणार, हे नको. अ‍ॅक्वेरियमचाच पंप घ्या. या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच तोडणारा स्विच) बसवा, अर्थिंग तपासून घ्या, आणि प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता जमिनीवर टपकेल. हात घालण्याआधी स्विच बंद, आणि पिनही बाहेर.

इन्व्हर्टर असेल तर पंप त्यावर घ्या, पन्नास-साठ वॅटचा भार त्याला काहीच नाही. स्क्वेअर वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर पंप घूं घूं करून तापतो, साइन वेव्ह चांगला. इन्व्हर्टर नसेल तर लाईट गेली की आपोआप सुरू होणारे बॅटरीचे एअर पंप मिळतात, प्रत्येक टाकीत त्याचा एकेक बुडबुडे सोडणारा दगड (एअर स्टोन) सोडून ठेवा. मासे आधी हवेवाचून मरतात, घाण पाण्याने नंतर.

पहिलं चालवणं

मासे नकोत, फक्त पाणी. टाक्या भोकापर्यंत भरा, संपात चालू असतानाचे ७० आणि वर जाणारे ३९ मिळून १०९ लिटर भरा, पंप चालू करा. सांध्यांखाली वर्तमानपत्र पसरा, थेंब पडला की लगेच दिसतो. मग प्रवाह मोजा. फाट्याच्या तोंडाशी १५ लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ: तासाला ५६० लिटर मिळत असेल तर बादली साधारण ९५ सेकंदांत भरते. चारही टाक्यांची वेळ जवळपास सारखी येईपर्यंत व्हॉल्व्ह फिरवत बसा. चहा घेऊन बसा, अर्धा तास जातो.

आता पंपाचा स्विच बंद करा. पाणी उतरताना आवाज येईल, येऊ द्या. पाच-सात मिनिटांनी सगळं शांत झालं की संपाची पातळी पाहा आणि तिथे मार्करने रेघ मारा. रेघ काठापासून चार-पाच सेंमी खाली असायला हवी. पुन्हा चालू करा, पातळी स्थिर झाल्यावर पंपाच्या कप्प्यावर दुसरी रेघ. हा खेळ दिवसातून दहा वेळा करा, त्यात दोन वेळा एका टाकीचं भोक हाताने झाकूनही पाहा. हे करायला लाज वाटायचं कारण नाही, पोरांना फार आवडतं.

मासे लगेच सोडायचे नाहीत. माशांच्या मूत्र-विष्ठेतून अमोनिया होतो, एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं बरंच सोसतं. हे जीवाणू भरतीवर वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा, किंवा तुमच्या जुन्या चालू फिल्टरचा मळका स्पंज तसाच्या तसा संपात ठेवा. विरजण लावावं तसं काम होतं, वेळ निम्म्यावर येते. चाचणीच्या किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट शून्य आलं की मासे, आणि तेही थोडे थोडे.

उन्हाळा

बाहेर ४५ अंश आणि घरात ३८ हे आपल्याला नवीन नाही. पाणी तापलं की त्यात हवा कमी विरघळते: २५ अंशांना लिटरला ८ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतो, ३५ अंशांना ७ च्या खाली. संपाचा इथे मोठा उपयोग होतो. चार टाक्यांना चार पंखे लावायला नकोत, संपाच्या पाण्यावर एक छोटा टेबलफॅन तिरका सोडा. कूलर ज्या गुणाने चालतो त्याच गुणाने, आपल्या कोरड्या हवेत पाणी दोन ते चार अंश उतरतं. पावसाळ्यात दमट हवेत हा उपाय चालत नाही, पण तेव्हा गरजही नसते.

बदल्यात पाणी उडतं. माझ्याकडे मेमध्ये दिवसाला पंधरा-वीस लिटर जातं, आणि ते सगळं पंपाच्या त्या छोट्या कप्प्यातून कमी होतं. वर मोठ्या अभिमानाने १३.७ लिटरचा कप्पा केला ना, तो आता एका दिवसात कोरडा. म्हणून कूलरचा बॉलकॉक पंपाच्या कप्प्यात चालू पातळीच्या रेघेवर बसवा आणि तो २० लिटरच्या जारला जोडा, जार थोडा उंचावर ठेवून. रोज संध्याकाळी जार भरायचा. बॉलकॉक थेट गच्चीवरच्या टाकीला जोडायचा मोह होईल. ज्या दिवशी एखादं भोक तुंबेल त्या दिवशी गच्चीवरचे हजार लिटर बैठकीत येतील. जारातून आले तर फार तर बादलीभर, पोतेऱ्याने पुसलं की झालं.

उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागे राहतात. बोअरचं जड पाणी ओतत राहिलात तर ते आणखी जड होत जातं. म्हणून जारात शक्यतो मऊ पाणी, पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं, आणि पाणीबदल वेगळा करायचाच.

पाणी कुठून आणायचं

आमच्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे साठवणीचं पाणी असतंच. उघड्या पिंपात दोन दिवस राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन बहुतेक उडून जातो. नळ ताजा असेल तर क्लोरीन मारणारं औषध बाटलीवरच्या मापाने. आठवड्याला २०–२५ टक्के बदल म्हणजे या व्यवस्थेत दीडशे लिटर, दहा बादल्या. पण त्या सगळ्या संपातून काढता-भरता येत नाहीत, त्यात मुळात सत्तरच लिटर. पंप बंद करून प्रत्येक टाकीतून नळीने थोडं थोडं काढा, त्या निमित्ताने तळ साफ होतो. काढलेलं पाणी कढीपत्त्याला, मोगऱ्याला द्या, नायट्रेट त्यांचं खतच आहे.

शेतात राहणाऱ्या आणि विहिरीचं पाणी असणाऱ्यांसाठी एक गंमत. ताशी २ लिटरचा एक ड्रीपर संपावर सोडा, दिवसाला ४८ लिटर नवं पाणी, म्हणजे रोज सात-साडेसात टक्के बदल, बादली न उचलता. संपाला वरच्या बाजूला भोक पाडून जादाचं पाणी केळीच्या बुंध्याशी न्या. भोकाची जागा लाईट गेल्यावरच्या रेघेच्या किंचित वर, नाहीतर प्रत्येक वेळी लाईट गेली की चांगलं पाणीही केळीलाच.

थंडीत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री इथे पारा दहाच्या खालीही जातो. हीटर संपात. लिटरला एक वॅट हे माप धरून एक मोठा न घेता तीनशेचे दोन घ्या. एक बंद पडला तर दुसरा सांभाळून नेतो, एक चालूच राहून अडकला तर एकट्याने सगळ्यांना उकडत नाही.

रोग

या व्यवस्थेची हीच एक खरी किंमत आहे. एका टाकीत पांढरे ठिपके आले की दोन दिवसांत ते चारही टाक्यांचे. म्हणून संपाला न जोडलेली एक छोटी टाकी, वेगळी जाळी, वेगळी नळी, हे हवंच. नवीन मासा तीन-चार आठवडे तिथे. दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी. आजारी माशालाही तिथेच औषध द्यायचं. मिथिलीन ब्लू संपात गेलं तर जीवाणूंची वस्ती मोडते, तांब्याचं औषध गोगलगायी आणि झिंगे मारतं. घाईत मुख्य व्यवस्थेत औषध टाकलंच तर नंतर पहिल्या कप्प्यात सक्रिय कोळसा ठेवून ते ओढून घ्या.

नको झालेला सकर मासा किंवा सिक्लिड तापीत, वाघूरला सोडून येऊ नका. सकर एकदा नदीत रुजला की निघत नाही. दुकानात परत द्या.

आठवड्याचं काम

वूल दर चार-पाच दिवसांनी बदला, ती स्वस्त आहे. स्पंज महिन्यातून एकदा, काढलेल्या टाकीच्याच पाण्यात पिळा, नळाखाली नको. दुसऱ्या कप्प्याला शक्यतो हात लावायचा नाही. भोकांवरच्या जाळ्या रोज नजरेखालून घाला. पंप तीन महिन्यांनी उघडून त्याचा पंखा धुवा, आपल्या जड पाण्यात त्यावर पांढरी खरड चढते, लिंबाच्या पाण्यात तासभर ठेवली की सुटते.

आणि महिन्यातून एकदा मुद्दाम पंप बंद करून रेघ पाहायची. वूल तुंबली, कुणी बादलीभर पाणी जास्त ओतलं, पाइप हलून तोंड खोल गेलं, सगळं त्या रेघेवर कळतं. आमच्याकडे आता हे काम आई करते. बिबडे मात्र तिने माडीवर हलवले आहेत.